चिखलाचं नाव

"तोडणकर मॅडम, बोयाने नाव दिलंय," जिल्हा जलरक्षण कक्षाच्या मेश्राम मॅडम फोनवर म्हणाल्या आणि जरा अडखळल्या. "परवाना तुमच्याच फर्मने काढून दिलेला आहे. सिद्धेश तांडेल. तुमचे कोणी लागतात का?"

"मावसभाऊ," हेमांगी म्हणाली.

ऑफिसच्या खिडकीतून तिला देवखोलची खाडी दिसत होती. धो धो कोसळून पाऊस नुकताच थांबला होता, आणि एरवी भर आषाढातही हिरवट राहणारं पाणी ओल्या विटेसारखं लाल झालं होतं. त्या लाल पाण्यात बायकांच्या बचतगटाचे, शिंपल्यांतली कालवं वाढवायचे तराफे तरंगत होते. त्यातले काही तिच्या सुगंधा मावशीचे. सिद्धेश त्याच मावशीचा मुलगा.

"मर्यादेच्या किती वर?" हेमांगीने विचारलं.

"बरंच. आज संध्याकाळपर्यंत तुमचा पाहणी अहवाल हवा. नियम तुम्हाला माहीतच आहे."

नियम तिला माहीत होता. नियमाचा मसुदा झाला तेव्हा ज्यांना मत विचारलं गेलं त्यांत तीही होती.

काही वर्षांपूर्वी हे असं नाव कळलंच नसतं. बांधकामावरची उघडी माती पावसात वाहून खाडीत आली की बिल्डर शेजारच्या रस्त्याकडे बोट दाखवायचा आणि रस्त्याचा ठेकेदार डोंगरावरच्या बागायतदाराकडे. पाणी सगळ्यांचं असल्यामुळे गाळ कोणाचाच नसायचा. मग नामकण आले.

नामकण म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म गोळे, धुळीपेक्षाही कितीतरी बारीक. प्रत्येकाच्या पोटात प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएचा एक लहानसा तुकडा. डीएनए ही चार अक्षरांची लिपी आहे. अक्षरांचा क्रम बदलला की नाव बदललं. एका बांधकामाला एक क्रम मिळतो, तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही. काचेच्या कवचामुळे ऊन, पाणी, जिवाणू यांतलं काहीच ती अक्षरं पुसू शकत नाही. नामकण पाण्यात मिसळून उघड्या मातीवर फवारायचे. मातीचे कण त्यांना चिकटवून घेतात. माती जागच्या जागी राहिली तर नावही तिथेच राहतं. माती वाहिली की नाव तिच्याबरोबर निघतं. खाडीच्या मुखाशी नांगरलेला पिवळा बोया थोड्या थोड्या वेळाने पाणी ओढून घेतो, त्यातला गाळ वेगळा काढतो, काच एका द्रावणात विरघळवतो, आतली अक्षरं वाचतो आणि कक्षाला कळवतो: माती कोणाची, अंदाजे किती.

त्यामुळे आता खाडीच्या पाणलोटात कोणालाही जमीन खणायची असेल तर आधी पाऊसपाणी परवाना घ्यावा लागे. उतार कुठे, पाणी कुठून उतरणार, गाळ अडवायला कुंडं कुठे, काथ्याचे बंध कुठे, याचा आराखडा द्यायचा. मान्यताप्राप्त सल्लागाराने नामकण फवारायचे आणि सही करायची. मग कक्षाचा माणूस येऊन निळा दिवा मातीवर धरायचा. नामकण त्या दिव्याखाली हिरवे चमकतात. माती चमकली की परवाना. पुढे बोयाने मर्यादेबाहेर नाव वाचलं की काम बंद, पुन्हा अर्ज कोरड्या ऋतूत.

देवखोलमध्ये असे परवाने काढून देणारी एकच फर्म होती, हेमांगी तोडणकर आणि केतकी पाटणकर यांची. दोघी इंजिनिअरिंगला एकाच खोलीत राहिलेल्या. हेमांगी आराखडे करायची, गणितं करायची. केतकी साइटवर जायची, फवारणी करून घ्यायची, ठेकेदारांशी भांडायची. एकीने लिहिलेलं दुसरी न वाचता सही करायची, इतकी वर्षं झाली होती.

फोन ठेवून हेमांगीने केतकीला सांगितलं. केतकी टेबलापाशी रेनकोट वाळत घालत होती. तिचा हात क्षणभर थांबला.

"सिद्धेश?"

"मी जाऊन बघून येते," हेमांगी छत्री शोधत म्हणाली.

"तू नको." केतकीने रेनकोट पुन्हा उचलला. "तुझा भाऊ आहे, हेमा. तू पाहणी केलीस आणि त्याच्या बाजूचं एक वाक्य जरी लिहिलंस, तरी लोक म्हणतील घरचं सांभाळलं. आयुष्यभर तेच ऐकशील. मी जाते."

हेमांगीला ते पटलं. आपल्या नावाची एवढी काळजी करणारं माणूस जवळ आहे याचं तिला त्या वेळी बरंच वाटलं.

दुपारी केतकी परत आली. "बंध फुटलाय त्याचा," ती म्हणाली. "खालच्या बाजूचा. मागच्या उताराची सगळी माती गेलीय." तिने अहवाल लिहिला, हेमांगीने सही केली आणि संध्याकाळी सिद्धेशच्या घराचं काम बंद झालं.

सिद्धेश दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आला. शाळेत गणित शिकवणारा, शांत माणूस. त्याच्या हातात बंदीचा कागद होता.

"हेमा, ही सही तुझी?"

"हो."

"तू येऊन बघलंस?"

"केतकी गेली होती."

"केतकी नाय. तू. तू बघलंस काय?"

घरच्या माणसांशी हेमांगी कायम मालवणीत बोलायची. त्या दिवशी ती पुस्तकी मराठीतून हलली नाही. "सिद्धेश, बोया कोणाचा नातेवाईक नसतो. त्यात तुझी माती सापडलीय. मी भाऊ म्हणून वेगळा न्याय लावू शकत नाही."

"आवशीचे तराफे आसत त्या खाडीत," तो म्हणाला. "माझ्या आवशीचे. मी थंय चिखल सोडीन?"

"मुद्दाम सोडलास असं कोणी म्हणत नाहीये."

"त्या बोयाक तोंड आसा, माका नाय?" त्याने कागदाची घडी घातली. "एकदा इचारलं असतंस तरी चाललं असता."

तो गेला. केतकी आतल्या खोलीत फोनवर बोलत होती, की तसं दाखवत होती, ते हेमांगीला नंतर कधीच ठरवता आलं नाही.

कालवं पाणी गाळून जगतात. पाण्यातलं खाणं टिपायचं आणि बाकी सोडून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. थोडा गाळ ती बाहेर टाकतात. पण लाल माती अशी दाटून आली की त्यांचे कल्ले बुजतात. पुढच्या मोठ्या ओहोटीला बायकांनी तराफ्यांच्या दोऱ्या ओढून काढल्या तेव्हा शिंपले उघडे पडलेले होते आणि आत चिखल होता. सगळ्या गटाचं वर्षाचं पीक गेलं होतं.

हेमांगी मावशीकडे गेली ती सांत्वन करायला. सुगंधा मावशी किनाऱ्यावर एकटीच दोऱ्या धूत बसली होती. बाकीच्या बायका लांब, दुसऱ्या टोकाला होत्या.

"आता इलंस बघूक?" मावशीने मान वर केली नाही. "कालवां मेली, ती परत लावता येतत. बायकांनी माका गटातसून काढल्यानी. तुझ्या झिलानच आमका मारल्यान म्हणतत. मी पयल्यांदा तराफो बांधलंय तेव्हा ह्यातली एक पण बाय माझ्यावांगडा नाय हुती."

हेमांगीने मावशीच्या हातातली दोरी धरायला हात पुढे केला. मावशीने दोरी आपल्याकडे ओढून घेतली.

हेमांगी तशीच उभी राहिली आणि समोर बघत राहिली. ओहोटीमुळे खाडीचा काठ उघडा पडला होता. जिथवर नजर जात होती तिथवर लाल साय धरली होती. तिने वाकून बोट खुपसलं. बोट पूर्ण आत गेलं. ती थोडी पुढे गेली, पुन्हा खुपसलं. तिथेही तेवढंच.

गणित तिने मुद्दाम केलं नाही, ते आपोआप झालं. खाडीचा एवढा काठ, गाळाची एवढी जाडी. सिद्धेशचं घर म्हणजे काही गुंठ्यांचा तुकडा. तो सगळा तुकडा माणूसभर खोल खणून खाडीत ओतला असता तरी एवढा चिखल झाला नसता.

ती किनाऱ्यावरून थेट सिद्धेशच्या प्लॉटवर गेली. काम बंद असल्याने तिथे कोणी नव्हतं. पाया अर्धा भरलेला, लोखंडी सळ्या पावसात गंजलेल्या. खालच्या बाजूचा काथ्याचा बंध तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहिला. तो कुठेही फुटलेला नव्हता. त्याच्या मागे अडलेला गाळ नीट थराथरांनी बसला होता आणि त्यावर गवत उगवायला लागलं होतं. फुटलेला बंध कोणी नंतर बांधला असता तर गवत असं उगवलं नसतं.

ती तिथेच एका दगडावर बसली. केतकीची चूक झाली असेल, दुसऱ्याच प्लॉटवर गेली असेल, पावसात दिसलं नसेल, असं तिने स्वतःला बरंच समजावलं. मग ती उठली आणि वर सड्याकडे निघाली.

देवखोलच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार आहे, त्याला गावात सडा म्हणतात. तिथे हॉस्पिटल उभं राहत होतं. गावात आजवर मोठं हॉस्पिटल नव्हतं. हृदयाचा झटका आलेल्या माणसाला घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागे. केतकीचा नवरा निशांत तसाच ॲम्ब्युलन्समध्ये, घाटातल्या वळणावर गेला होता. त्यानंतर केतकीने ज्याला त्याला भेटून, देणगीदारांच्या दारात बसून एक न्यास उभा करवला होता. सड्यावरच्या कामाचा पाऊसपाणी परवाना दोघींनी मिळून काढला होता. हेमांगीने त्या जागेसाठी तीन गाळकुंडं आखली होती, एकाखाली एक, म्हणजे पाणी प्रत्येक ठिकाणी थांबेल आणि माती खाली बसेल.

तिथे तिला दोनच कुंडं दिसली. तिसऱ्या, सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत मोठ्या कुंडात मुरूम भरून ते सपाट केलेलं होतं आणि त्यावर क्रेन उभी होती. क्रेनच्या बाजूने पाण्याने खोल घळ पाडली होती. घळ सरळ ओढ्यात उतरत होती आणि ओढा खाडीत.

एवढी माती इथून गेली आणि बोयाने हॉस्पिटलचं नावच वाचलं नाही. हे कसं शक्य होतं? तिने पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी केली आणि घळीच्या काठची माती तीत भरली.

बोयात असतं तसंच एक लहान वाचनयंत्र त्यांच्या ऑफिसात होतं. फवारणी नीट झाली का ते पाहण्यासाठी घेतलेलं. हेमांगीने माती त्यात घातली आणि समोर खुर्ची ओढून बसली. यंत्राने द्रावण ओतलं, थोडं गरगरलं आणि पडद्यावर नाव आलं.

सिद्धेश तांडेल.

तिने दुसऱ्यांदा माती घातली. पुन्हा तेच.

केतकी आली तेव्हा पडदा तसाच उघडा होता. तिने तो पाहिला आणि दार लावून घेतलं.

"कधीपासून?" हेमांगीने विचारलं.

"मे महिन्यापासून." केतकीने खुर्ची घेतली नाही. "ठेकेदाराच्या माणसांनी खालचं कुंड बुजवलं. क्रेनला दुसरी जागा नव्हती. मी भांडले, पुन्हा खणा म्हटलं. ते म्हणाले पावसाआधी होणार नाही. तुला सांगितलं असतं तर तू फवारणीच करू दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"आणि परवाना गेला असता. एक वर्ष काम बंद. देणगीदार तेवढं थांबतात होय? ते कायमचे गेले असते, हेमा. नामकण न फवारता भागलं नसतं, निळा दिवा लावून बघतात. हॉस्पिटलचे फवारले तर बोयाने पकडलं असतं. सिद्धेशच्या डब्यात बरेच उरले होते, घर लहान ना त्याचं. पातळ करून मारले. मला वाटलं, एवढे पातळ केल्यावर बोया मर्यादेच्या आतच दाखवेल. कोणाचंच काही बिघडणार नाही. इतका पाऊस कोसळेल असं कोणाला वाटलं होतं?"

"आणि कोसळल्यावर?"

केतकीने पुढे होऊन यंत्राचा पडदा बंद केला.

"कोसळल्यावर तू मला म्हणालीस, तुझा भाऊ आहे, तू जाऊ नकोस," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला वाटलं तू माझी अब्रू जपतेयस."

"निशांत त्या गाडीत माझा हात धरून होता," केतकी म्हणाली. "घाट संपेपर्यंत. तुला नाही कळायचं ते."

"मी होते तुझ्याबरोबर नंतर. महिनोन् महिने तुझ्या घरी झोपायला येत होते."

"होतीस. म्हणूनच वाटलं, कळलं तरी तू गप्प बसशील."

हेमांगीने बाटलीला झाकण लावलं. त्याच दिवशी ती बाटली घेऊन मेश्राम मॅडमकडे गेली.

सुनावणी कक्षाच्या सभागृहात झाली. गटाच्या बायका आल्या होत्या, सिद्धेश आणि मावशी आली होती, न्यासाचे विश्वस्त त्यांच्या वकिलासह पुढच्या रांगेत बसले होते. मेश्राम मॅडमनी सुरुवातीलाच नियम वाचून दाखवला. फसवणुकीत मालकाचा हात असेल तर त्या जमिनीवर कायमची परवानाबंदी. मालकाला अंधारात ठेवून सल्लागारांनी फसवणूक केली असेल तर सल्लागारांची मान्यता जाईल, मालकाला कोरड्या ऋतूत नवा अर्ज करता येईल.

मग त्यांनी केतकीला विचारलं, "कुंड बुजवल्याचं आणि नामकण बदलल्याचं न्यासाला माहीत होतं?"

"नाही," केतकी म्हणाली. "कुंडाचा बदललेला आराखडा आम्हीच ठेकेदाराला दिला. न्यासाला वाटलं तो मंजूर आहे."

"आम्ही म्हणजे?"

केतकीने हेमांगीकडे पाहिलं नाही. "आम्ही दोघींनी. आमच्या फर्ममध्ये सगळं दोघींच्या संमतीनेच होतं. तिला नंतर भीती वाटली."

सभागृहात कुजबुज झाली. हेमांगी उभी राहिली. "हे खोटं आहे," ती म्हणाली. "बाटली मी आणून दिली. मी स्वतःच स्वतःला पकडून देईन?"

"फवारणीच्या दाखल्यावर तुमची सही आहे?" न्यासाच्या वकिलाने विचारलं.

"आहे. मी केतकीवर विश्वास ठेवून—"

"पाहणी अहवालावर?"

"आहे."

"तुम्ही साइटवर गेला होतात?"

"नाही."

वकील खाली बसला. हेमांगीला सगळं एकदम लख्ख दिसलं. एकट्या केतकीने गुन्हा कबूल केला असता तर प्रश्न निघाला असता की न्यास उभा करवणाऱ्या बाईने हे न्यासाला न सांगता केलंच कसं, आणि न्यासाचाही हात धरला गेला असता. दोघींची फर्म बुडाली तर हॉस्पिटल वाचत होतं. केतकीने हिशोब करूनच तिला आत ओढलं होतं. हेमांगीने सिद्धेशकडे पाहिलं. निदान तो तरी उठून काही म्हणेल असं तिला वाटलं. तो जमिनीकडे बघत बसला होता. आणि त्याने का उठावं, याचं एकही कारण तिला सापडेना.

सिद्धेश निर्दोष ठरला. दोघींची मान्यता काढून घेतली गेली. गटाच्या बायका मावशीला परत न्यायला तिच्या घरी गेल्या. मावशीने त्यांना चहा दिला, पण परत येते असं ती म्हणाली नाही. न्यासाने बाहेरच्या सल्लागाराकडून नवा परवाना घेतला, तिसरं कुंड पुन्हा खणलं आणि एक पावसाळा उशिराने हॉस्पिटल उभं राहिलं. केतकी तिथे व्यवस्थापक झाली. हेमांगीने कुडाळला एका शाळेत नोकरी धरली आणि कक्षाकडे अपील लावून ठेवलं.

हॉस्पिटल सुरू झालं त्या हिवाळ्यात सुगंधा मावशीला छातीत कळ आली. सिद्धेशने तिला सड्यावर नेलं. हेमांगी धावत पोहोचली तेव्हा धोका टळला होता. बाहेरच्या व्हरांड्यात केतकी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, केस बरेच पांढरे झालेले.

"घाटात नसत्या वाचल्या," केतकी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आतातरी..."

"मावशी वाचली याचा मला आनंद आहे," हेमांगी म्हणाली. "हॉस्पिटल झालं याचाही आहे. तुझ्याशी मात्र मला बोलायचं नाही." ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

अपिलाचा निकाल बऱ्याच उशिराने लागला. ठेकेदाराने शेवटी खरं सांगितलं. हेमांगीने काहीच बदललं नव्हतं, फक्त न बघता सह्या केल्या होत्या, असं ठरलं आणि तिची मान्यता परत मिळाली. तिने जुन्याच जागी ऑफिस उघडलं, दारावर एकटीचं नाव लावलं. बरेच दिवस कोणी आलं नाही. मग एका सकाळी सिद्धेश आला. त्याला घरामागे विहीर खणायची होती.

"परवानो लागतलो," तो उभ्यानेच म्हणाला.

"बस तरी."

"नाय. कधी येतंस सांग."

ती ठरल्या दिवशी गेली. या वेळी तिने उतार स्वतः मोजला, बंध स्वतः बांधून घेतला. सिद्धेशच्या नावाचा सीलबंद डबा तिने त्याच्यासमोर फोडला आणि पाठीवर पंप घेऊन फवारणीही स्वतःच केली. उरलेले नामकण तिने त्याच्या देखत विरघळवून टाकले. मावशी मागच्या दारात उभी राहून पाहत होती.

फवारणी संपली तेव्हा सिद्धेशने खिशातून एक रिकामी, निर्जंतुक बाटली काढली. वर रत्नागिरीच्या कुठल्याशा प्रयोगशाळेची चिठ्ठी होती. तो उकिडवा बसला आणि त्याने विहिरीच्या जागेची माती बाटलीत भरायला घेतली. भरताना तो हेमांगीच्या नजरेला नजर देत नव्हता.

"तपासून घेतंय," तो म्हणाला.

"घे," हेमांगी म्हणाली. मग पंप उतरवून ती त्याच्याशेजारी बसली. "त्या कोपऱ्यातली पण घे. एकाच जागची नको."

तो थोडा थांबला. मग सरकून त्याने त्या कोपऱ्यातलीही घेतली.